भिडे वाडा आणि आपल्या गावची जुनी शाळा

गटाची बैठक झाली की आपण ठराव वहीवर सही करतो. आपल्या आजीच्या काळी तिथे अंगठा उठायचा. ही सही आपल्या हाती आली, त्याची वाट पुण्यातल्या एका वाड्यातून निघाली. आज त्या वाड्याचं पुढं काय झालं, ते सांगते.

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपती मंदिराच्या समोर भिडे वाडा होता. तात्यासाहेब भिडे यांनी जागा दिली आणि १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तिथं मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, म्हणजे तेव्हा वय जेमतेम सतरा. पहिल्यांदा सहा मुली आल्या असं सांगतात. वाटेत लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून बाई जास्तीचं लुगडं सोबत न्यायच्या. तरी काम थांबलं नाही. ३ जुलै १८५१ ला त्याच पेठेत चिपळूणकर वाड्यात आणखी एक शाळा निघाली. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

एवढी मोठी गोष्ट जिथं घडली, तो वाडा पुढं खाजगी मालकीत राहिला. खाली दुकानं, वर पडझड. पुणे महापालिकेनं २००६ साली तिथं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं. पण ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे आपल्याला गटात चांगलं ठाऊक आहे. भूसंपादनावरून मालक-भाडेकरू आणि महापालिका यांचा वाद कोर्टात गेला आणि तेरा वर्षं चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. ४ डिसेंबरच्या रात्री महापालिकेनं जागेचा ताबा घेतला आणि तोवर धोकादायक झालेला वाडा पाडला. २०२४ साली स्मारकाची पायाभरणी झाली.

स्मारक होतंय, याचा आनंद आहेच. पण ज्या भिंतींनी पहिली बाराखडी ऐकली, त्या भिंती राहिल्या नाहीत. जागा वाचली, वाडा गेला. हरकत घेणारा आणि मागे लागणारा, दोघांचीही वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं पाऊस काही थांबला नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही एखादी जुनी कौलारू, दगडी शाळा असेल. नवी इमारत झाली की जुनीचं निर्लेखन करायचा विषय निघतो. मुलांच्या जिवाशी खेळ नको, धोकादायक खोलीत वर्ग भरवू नये, हे खरंच. पण पाडायची की दुरुस्त करून वाचनालय, अंगणवाडी किंवा गटाच्या बैठकीला वापरायची, हे छप्पर खाली येण्याआधी ठरायला हवं.

त्यासाठी तीन कामं करू. पहिलं, जागा आणि इमारत कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत नमुना ८ काढून बघू. दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. तिथं विषय मांडू, ठराव लिहून घेऊ आणि त्याची नक्कल जवळ ठेवू. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात, त्यांनाही बोलतं करू. तिसरं, दर बैठकीला विचारू, ठरावाचं पुढं काय झालं?

आणि एक गोष्ट तर उद्याच करता येईल. शाळेत जाऊन गुरुजींना जुनं जनरल रजिस्टर दाखवायला सांगा. आपल्या गावातल्या पहिल्या शाळकरी मुलीचं नाव त्यात सापडेल. कदाचित ती तुमच्याच घरातली असेल. ते नाव वहीत लिहून ठेवा. इमारत वाचो न वाचो, ते नाव हरवू देऊ नका.