गव्हाणीजवळचा बैल

नाताळ जवळ आला की घरोघरी गोठा उभा राहतो आणि एखादे चौकस मूल विचारते, "हा बैल कोणत्या शुभवर्तमानात आहे?" प्रामाणिक उत्तर एकच : कोणत्याच नाही. संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतात, जनावरांचा नाही. संत मत्तय पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांविषयी लिहितात, पण त्यांची संख्या देत नाहीत. तीन होत्या त्या त्यांच्या भेटवस्तू.

शुभवर्तमानांच्या या मौनात भाविकांच्या कल्पनाशक्तीने फार लवकर प्रवेश केला. दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' हे ख्रिस्तजन्माचे असेच कल्पनारम्य पुनर्कथन होय. त्यात जन्म गुहेत होतो. सुईण शोधण्यास निघालेले संत योसेफ पाहतात तो सारी सृष्टी स्तब्ध! पक्षी आकाशात स्थिरावले आहेत; जेवणाऱ्या कामकऱ्यांचे हात ताटातच थांबले आहेत; मेंढपाळाने उगारलेली काठी वरच राहिली आहे; करडांची तोंडे पाण्याला लागली आहेत, पण ती पीत नाहीत. क्षणभराने सारे पूर्ववत सुरू होते. देव मानव होत असताना काळानेही श्वास रोखला, हे त्या अज्ञात लेखकाने किती साधेपणाने सांगितले आहे!

ख्रिस्तसभेने हा ग्रंथ पवित्र शास्त्रात घेतला नाही. तरीही मरियामातेच्या आईवडिलांची, ॲना व जोकीम ही नावे आपणांस त्यातूनच मिळाली. २६ जुलैला आपण त्यांचा सण पाळतो. बैल आणि गाढव यांचे मूळ मात्र यशयाच्या ग्रंथात (१:३) आहे. मुकी जनावरे आपल्या धन्याला ओळखतात, देवाची प्रजा मात्र ओळखत नाही, अशी संदेष्ट्याची ती व्यथा. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीपाशी खरेखुरे बैल व गाढव आणवले.

२०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी प्रभूच्या बालपणावरील आपल्या पुस्तकात, शुभवर्तमानात जनावरे नाहीत, असे लिहिले, तेव्हा पोपनी बैल-गाढवाला गोठ्याबाहेर काढले, असा गवगवा झाला. वस्तुतः कोणताही गोठा त्यांना दूर करणार नाही, असेच त्यांनी पुढे म्हटले होते.

म्हणून मुलाचा प्रश्न टाळू नये. त्याला आधी लूकचा दुसरा अध्याय वाचून दाखवावा, मग यशयाचे ते वचन. त्यानंतर बैल त्याच्याच हाताने गव्हाणीपाशी ठेवू द्यावा. आपल्या धन्याला आपण ओळखतो का, हा प्रश्न मग घरातील मोठ्यांसाठी उरतो.