आम्ही हरलो, आपण हरलो

पराभवासाठी मराठी भाषेने राखून ठेवलेला शब्द म्हणजे पानिपत. ते रणांगण घरापासून शेकडो कोस दूर होते. वार्ता पुण्यास पोहोचली तेव्हा घडायचे ते घडून गेले होते. घरच्या अंगणात, आप्तेष्टांच्या देखत होणाऱ्या पराभवाची जात निराळी असते. मांडव घालून, पंगती मांडून बसलेल्या यजमानालाच तेथे मान खाली घालावी लागते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात ५ मार्च २०२२ रोजी ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा असाच पराभव झाला. त्या संघाचा मी चाहता आहे, त्यामुळे प्रस्तुत लेखन सर्वस्वी तटस्थ नाही. परंतु चाहत्याचे दुःख ही इतिहासाच्या अभ्यासाला अगदीच निरुपयोगी वस्तू नसते, असे मला वाटते.

प्रथम घटना. माइक शिशेफ्स्की हे १९८० सालापासून, म्हणजे बेचाळीस हंगाम, ड्यूकचे प्रशिक्षक होते. १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या नावावर होती. कॅमेरून इनडोअर स्टेडियम या घरच्या वास्तूतला त्यांचा हा अखेरचा सामना. नव्वदहून अधिक माजी खेळाडू मुद्दाम आले होते. निरोपाचा समारंभ आधीच योजलेला होता. समोर होता चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ. महिनाभरापूर्वी त्याच संघाला त्याच्या घरी ८७–६७ असे नमवलेले असल्यामुळे निकालाविषयी फारशी शंका कोणाला नव्हती. मध्यंतराला ड्यूक दोन गुणांनी पुढेही होता. उत्तरार्धात मात्र पाहुण्यांनी पंचावन्न गुण नोंदवले. त्यांच्या चार खेळाडूंनी प्रत्येकी वीस किंवा त्याहून अधिक गुण मिळवले आणि सामना ९४–८१ असा संपला. त्यानंतर समारंभ व्हायचाच होता. शिशेफ्स्कींनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, प्रेक्षकांची क्षमा मागितली आणि आजचा खेळ स्वीकारण्याजोगा नव्हता असे स्पष्ट सांगितले. प्रेक्षकांतून नकाराचे सूर उठले, ते त्यांनी मानले नाहीत. सत्कारमूर्तीनेच सत्काराचा सूर मोडावा, असा प्रसंग विरळा.

या दोन विद्यापीठांत जेमतेम सोळा किलोमीटरचे अंतर आहे. एक राज्याचे, १७९५ पासून विद्यार्थ्यांना शिकवणारे. दुसरे खासगी, तंबाखूच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या ड्यूक घराण्याच्या १९२४ सालच्या देणगीतून विद्यापीठपदाला पोहोचलेले. शेजाऱ्यांचे वैर असल्यामुळे त्यात परकेपणा नाही, भाऊबंदकीचा कडवटपणा आहे. म्हणून या पराभवाचा सल गुणफलकापेक्षा मोठा होता. पुढे २ एप्रिल रोजी न्यू ऑर्लिन्स येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हेच दोन संघ पुन्हा भेटले, ड्यूक ८१–७७ असा पुन्हा हरला आणि शिशेफ्स्कींची कारकीर्द १२०२ विजयांवर थांबली. तरीही चाहते आठवण काढतात ती अधिक करून मार्चमधल्या त्या संध्याकाळची. न्यू ऑर्लिन्स हे कोणाचेच घर नव्हते.

येथे थोडे मागे जावे लागेल. शिशेफ्स्कींची पहिली वर्षे फार कठीण गेली होती. १९८२–८३ च्या हंगामात संघाने अकरा सामने जिंकले आणि सतरा गमावले. जानेवारीत वॅग्नरसारख्या लहान महाविद्यालयाचा संघ घरी येऊन जिंकून गेला. हंगामाचा शेवट व्हर्जिनियाकडून १०९–६६ असा झाला आणि प्रशिक्षकाला काढून टाकावे अशी मागणी जोर धरू लागली. क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी ती मानली नाही. ज्या वास्तूत पुढे त्यांच्या नावाचा जयघोष झाला, तिने त्यांची नाचक्कीही पाहिली होती. तेव्हा ‘आमच्या घरी असे कधी होत नाही’ हे चाहत्याचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. घर म्हणजे काय आणि ‘आमचे’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न मात्र त्याहून खोल जाणारा आहे.

कॅमेरून इनडोअर स्टेडियमचे उद्घाटन ६ जानेवारी १९४० रोजी झाले. पहिल्या सामन्यात ड्यूकने प्रिन्स्टनला ३६–२७ असे हरवले. आज तेथे ९,३१४ प्रेक्षक मावतात, म्हणजे अशा नामवंत संघाच्या मानाने वास्तू लहानच. विद्यार्थी मैदानाच्या अगदी कडेला उभे असतात, आणि पाहुण्या खेळाडूला चेंडू आत आणताना त्यांचे हात जवळजवळ अंगाला लागतात. भिंती दगडी, धाटणी गॉथिक. या वास्तूचा आराखडा फिलाडेल्फियाच्या ट्रम्बाउअर यांच्या कचेरीतून आला होता, आणि तो केला होता ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने. ड्यूकचे प्रसिद्ध चॅपल आणि पश्चिम आवारातील बहुतेक इमारती त्याच्याच प्रतिभेतून उतरल्या. १९०२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. परंतु ड्यूकमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळू लागला तो १९६१ पासून, आणि पदवीच्या वर्गांत तर १९६३ पासून. एबल १९५० सालीच निवर्तला होता. ज्याने घर बांधले, त्याच्या मुलाबाळांना त्या घराचा उंबरठा विद्यार्थी म्हणून ओलांडता येत नव्हता.

या कथेतील एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. १९८६ च्या वसंतात ड्यूकच्या आवारात दोन प्रकारच्या वसाहती उभ्या राहिल्या. चॅपल हिलच्या संघाविरुद्धचा सामना जवळून पाहता यावा म्हणून काही विद्यार्थ्यांनी स्टेडियमबाहेर तंबू ठोकले. तीच प्रथा वाढत जाऊन प्रशिक्षकाच्या नावाने ओळखली जाणारी तंबूंची वाडी तयार झाली. त्याच वसंतात, दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीशी व्यवहार असलेल्या कंपन्यांतून विद्यापीठाने आपला पैसा काढून घ्यावा, या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी चॅपलसमोर झोपड्या उभारल्या. त्या झोपड्यांनी सुंदर परिसर विद्रूप होतो अशी तक्रार विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात आली, तेव्हा एबलच्या कुळातील एका विद्यार्थिनीने उत्तर दिले: हा परिसर ज्याने रेखला तो माझा पूर्वज आपल्याच देशातील वर्णभेदाचा बळी होता. एबलचे नाव विद्यापीठात सर्वतोमुखी झाले ते या पत्रानंतर. मुख्य चौकाला ते नाव मिळण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले. तंबूंचा इतिहास चाहत्यांना तोंडपाठ असतो. झोपड्यांचा सहसा नसतो.

आता अशा एका सामन्याकडे वळू, जो अधिकृत नोंदवह्यांत नाही. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. डरहॅममधील बहुतेक लोक चर्चमध्ये असण्याची ही वेळ. ड्यूकच्या वैद्यकीय शाखेत युद्धकाळात सैन्यातर्फे शिकणाऱ्या गोऱ्या तरुणांचा एक बलाढ्य संघ होता. शहराच्या दुसऱ्या भागात कृष्णवर्णीयांचे नॉर्थ कॅरोलिना कॉलेज होते (आजचे नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठ), आणि तेथील प्रशिक्षक होते जॉन मॅक्लेन्डन. १८९१ साली या खेळाचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठात मॅक्लेन्डन यांचे गुरू. पण त्याच विद्यापीठाच्या संघात वर्णामुळे त्यांना खेळता आले नव्हते. त्यांनी या दोन संघांचा सामना ठरवला. कायद्याने आणि रूढीने तो निषिद्ध होता. धोका काल्पनिक नव्हता: त्याच वर्षी जुलैमध्ये डरहॅममध्येच बसमध्ये मागे सरकण्यावरून झालेल्या वादातून बुकर स्पाइसली या गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळी घालून ठार केले, आणि ज्यूरीने चालकास निर्दोष ठरवले.

गोरे खेळाडू आडवाटांनी गाडी हाकत आले आणि डोक्यावर कोट ओढून व्यायामशाळेत शिरले. दारांना आतून कुलूप लागले. प्रेक्षक नव्हतेच; ज्या काही विद्यार्थ्यांना सुगावा लागला ते खिडक्यांना लटकून पाहत होते. आरंभी दोन्ही बाजूंचे हात कापत होते, चेंडू सुटत होते. मग मॅक्लेन्डन यांच्या खेळाडूंनी आपला वेगवान खेळ सुरू केला, आणि सामना ८८–४४ असा संपला. ड्यूकच्या मुलांचा हा दारुण पराभव त्यांच्याच शहरात झाला होता, पण यजमान दुसरे होते. त्यानंतर जे घडले ते मला त्या गुणफलकाहून मोठे वाटते. खेळाडूंनी दोन्ही संघ मोडून, गोरे आणि काळे मिसळून, नवे संघ पाडले आणि दुसरा सामना खेळला. मग सगळे वसतिगृहात गप्पा मारत बसले. कृष्णवर्णीयांच्या एका साप्ताहिकाच्या वार्ताहराला हे ठाऊक होते, पण खेळाडूंच्या जिवासाठी त्याने एक अक्षरही छापले नाही. जवळजवळ अर्धशतकभर ही गोष्ट झाकलेली राहिली. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी ती १९९६ मध्ये प्रथम लेखातून आणि २०१५ मध्ये पुस्तकातून जगापुढे आणली.

हे दोन पराभव शेजारी ठेवले की चाहत्याच्या शोकाचे स्वरूप स्पष्ट होते. २०२२ चा पराभव लक्षावधींनी पाहिला. त्यात गेले ते एका समारंभाचे सौष्ठव. १९४४ चा पराभव कोणी पाहू नये म्हणून दाराला कुलूप होते. त्यात पणाला लागले होते ते प्राण. पहिल्याची नोंद आहे, दुसऱ्याची नोंद ठेवणेच अशक्य होते. आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळच्या दुःखात माझ्याही लक्षात आली नव्हती. जिंकणाऱ्या पाहुण्यांचे प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस हे चॅपल हिलच्या पुरुष संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यांचा तो पहिलाच हंगाम. एबलने रेखलेल्या घरात त्या दिवशी मान ताठ ठेवून बाहेर पडणारा प्रशिक्षक तो होता. ड्यूकचा चाहता म्हणून मला त्या निकालाचा आनंद होणे शक्य नाही. पण ती वास्तू फक्त ‘आमची’ आहे आणि कोणी येऊन तिचा भंग केला, असे म्हणण्याचा अधिकार मात्र मला उरत नाही.

मराठी या बाबतीत इंग्रजीहून अधिक काटेकोर आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. सामना सुटल्यावर इंग्रजीत चाहता जे एकच सर्वनाम वापरतो, त्यापुढे मराठी माणसाला क्षणभर थबकून निवड करावी लागते. ५ मार्च २०२२ ला मी निःशंकपणे म्हणालो, आम्ही हरलो. १२ मार्च १९४४ च्या त्या सकाळी ड्यूकचे खेळाडू पहिल्या सामन्यानंतर हेच म्हणू शकले असते. दुसऱ्या सामन्याच्या शेवटी त्यांना ते म्हणता आले नसते, कारण हरणाऱ्या संघात दोन्हीकडचे खेळाडू होते. तेथे बोलायचेच असेल, तर शब्द ‘आपण’ हाच होता.