गुण्या उलटा करून पाय!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण सांगण्यासारखं आहे. दिवाळीपासूनचे माझे सगळे रविवार एका करवतीनं खाल्ले.

घरच्यांना ठाऊकच आहे, पवनीजवळचं आपलं जुनं घर पाडलं. पाडताना माजघराच्या दाराची सागवानी चौकट मी मागून घेतली. आबाजींनी स्वतः घडवलेली. आरामशीनवर नेऊन ती चिरून घेतली. जुने खिळे, वाळवीनं खाल्लेला बुंधा, भेगा, सगळं वगळून दोन इंच रुंदीच्या धड पट्ट्या निघाल्या मोजून चार. पाचवी अर्धी. याच लाकडाची आजी-आबाजींच्या फोटोला चौकट करायची असं ठरवलं. म्हणजे चुकायला जागा नाही. आबाजी सुतार, बाबा नोकरदार, आणि तिसऱ्या पिढीत माझ्या हातात कीबोर्ड. त्यामुळे चुकणार हे जवळजवळ नक्की होतं :-)

म्हणून नागपूरहून मायटर सॉ आणली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एक छोटं गोल टेबल, मागे लाकूड टेकवायची सरळ पट्टी (तिला फेन्स म्हणतात), आणि वरून हँडल धरून खाली आणायचं गोल पातं. टेबल फिरवलं की पातं तिरपं होतं. ठरलेल्या कोनांवर खाचा असतात, तिथे ते खट्‌कन बसतं. पंचेचाळीसच्या खाचेत बसवा, कापा, दोन तुकडे जोडा, झाला काटकोन. असं दुकानदार म्हणाला.

गाडीच्या डिकीत साठ किलोमीटर आदळत आल्यावर यंत्र हललेलं असणार, एवढी अक्कल मला होती. वायर काढून ठेवली, आबाजींचा लोखंडी गुण्या घेतला, त्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याला लावली. (पात्याच्या चकतीला लावायचा, दातांना नाही. दात चकतीपेक्षा जाड असतात, गुण्या त्यांच्यावर चढला की सगळं माप खोटं. हे मला दुसऱ्या रविवारी कळलं.) फेन्सचे बोल्ट सैल केले, गुण्याला चिकटेपर्यंत पट्टी सरकवली, पुन्हा आवळले. मग पॅकिंगच्या लाकडाच्या चार पट्ट्या कापून नमुन्याची चौकट जुळवली. तीन कोपरे सुरेख बसले. चौथ्यात जवळजवळ ३ मिलिमीटरची फट.

पुन्हा लावलं, पुन्हा कापलं. तीच फट. यंत्राला शिव्या घातल्या. दुकानदाराला घातल्या.

असो. या फटीमुळे मी वाचायला लागलो, आणि वाचताना पहिला धक्का बसला तो आपल्या पवनीचाच. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच्या कठड्याचे दगडी खांब, काहींवर ब्राह्मी अक्षरं. लहानपणी त्या टेकडीवर किती वेळा गेलो असेन, पण खांबांची रचना मात्र आता नीट समजली. अशा कठड्यात उभ्या खांबाला बाजूनं खाचा कोरतात, त्यांत आडवे दांडे बसवतात, आणि माथ्यावर लांब शिळा चढवतात. म्हणजे उघड उघड लाकडाचं कुंपण! खाच आणि कुसू, आबाजी दाराला करायचे तेच. दगडाला याची काही गरज नव्हती. पण घडवणाऱ्याच्या डोळ्यासमोर सुताराचं काम होतं.

सांचीला तर याहून गंमत आहे. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या कठड्यावर माथ्याच्या शिळा एकमेकींना जिथे भिडतात, तिथला सांधा सरळ उभा नाही, तिरपा कापलेला आहे. जॉन मार्शलनं हे टिपून ठेवलंय: असा तिरपा काप लाकडात शोभतो, दगडात नाही. तो कोपऱ्यातला सांधा नव्हे, लांबीतला जोड आहे, हे खरं. पण तिरपं कापून दोन तुकडे एक करायची सवय किमान दोन हजार वर्षांची, आणि ती सुतारांची, एवढं त्यावरून दिसतं. त्या सुतारांचं लाकूड बहुतेक सगळं कुजून गेलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी अजून आहेत, असे अपवाद मोजकेच.

मग पंचेचाळीसचा कोपरा घराघरांत कुठून आला? आबाजींच्या दाराला तो नव्हता, तिथे खाच आणि कुसूच होतं. वजन पेलायचं असेल तर तोच सांधा खरा. पंचेचाळीस लागतो तो नक्षी वळवायला. पट्टीवर गोलाई किंवा पन्हळ असेल, तर सरळ जोडात ती कोपऱ्यावर तुटते. तिरप्या जोडात वळसा घेऊन पुढे जाते. माझा अंदाज असा की आपल्याकडे याला खरा जोर तसबिरींनी दिला. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला (कार्ल्याच्या लेण्यांना उतरायचं स्टेशन तेच, हा योगायोगच). लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांत पोचल्या, आणि कागदाच्या देवाला काच आणि चौकट लागली. त्यासाठी सुतार लाकडाचीच एक पन्हळ करायचे, तिच्या दोन्ही भिंतींना पंचेचाळीसच्या चिरा, चिरेत करवत घालून कापायचं. मायटर बॉक्स. आबाजींची होती. चिरा झिजून रुंद झाल्या की ते ती चुलीत घालायचे आणि नवी करायचे.

यंत्राची कथा थोडक्यात. अमेरिकेत रेमंड डिवॉल्टनं १९२२ च्या सुमारास लांब दांड्यावर सरकणारी विजेची करवत केली. पण आज आपण जिला मायटर सॉ म्हणतो, ती वरून खाली येणारी, १९६४ मध्ये रॉकवेल कंपनीनं बाजारात आणली. मी ती पहिल्यांदा पाहिली सुताराकडे नाही, अल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याच्या दुकानात.

तर फट. चौथ्या रविवारी गावाहून मिस्त्रीकाका आले. आबाजींच्या हाताखाली शिकलेले, आता सत्तरी ओलांडलेले. मी तक्रार सांगितली. त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गुण्या तपासला का?"

"काका, आबाजींचा गुण्या आहे!"

"म्हणून का झालं? उलटा करून पाय ना, बाबू."

घरच्यांना माहीत आहे, तो गुण्या आपल्याकडे दसऱ्याला पूजेत असतो. तो तपासायचा हेच मला कधी सुचलं नव्हतं. काकांनी प्लायवूडचा एक सरळ काठ घेतला, गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीनं फूटभर रेघ ओढली. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. गुण्या खरा असेल तर रेघेवर रेघ पडते. आमच्या रेघा वरच्या टोकाला ३ मिलिमीटरनं फाकल्या. म्हणजे गुण्याची चूक त्याच्या निम्मी, फुटाला दीड. उलटं केलं की चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणूनच डोळ्याला दिसते.

आता हिशेब लागला. फुटाला दीड मिलिमीटर म्हणजे अंशाचा साधारण तीन दशांश. मी पट्ट्या पालथ्या करून सगळे काप यंत्राच्या एकाच बाजूला घेतले होते. चौकटीला काप आठ. प्रत्येकात तीच चूक, त्याच दिशेला. तीन कोपरे दाबून बसवले की आठही कापांची बेरीज चौथ्यात जमा: सुमारे २.४ अंश, आणि दोन इंच रुंदीच्या पट्टीत ३ मिलिमीटर. यंत्रानं मी सांगितलं तेच इमानेइतबारे केलं होतं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आबाजींचा हात म्हणजे घरात शेवटचा शब्द. मी काकांना विचारलं, ते सगळी कामं याच गुण्यानं करायचे का? काका हसले. "पडला असंल कधी. ते तर दर हंगामात तपासायचे. त्यायच्यानंतर कोणी पायलंच नाही." म्हणजे पंचवीस वर्षं आपण त्याला हळदकुंकू लावलं, पण तपासला कुणीच नाही.

इथे मला हिंगणघाट आठवलं. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू करून त्यानं हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी चालवली, आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. त्याचा कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि तो भिंतीवर आदळला. पितळी तबकडी वाकली. इंग्लंडहून दुसरा यायला वर्षं लागली असती. लॅम्बटननं तो सगळा उघडला, आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून काही आठवड्यांत तबकडी ओढून ओढून गोल केली. तेच यंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं. मोजणीवाले कोन एकदा वाचून विश्वास ठेवत नाहीत, दुर्बीण उलटवून पुन्हा वाचतात. काकांच्या पेन्सिलीच्या दोन रेघा म्हणजे तेच.

काकांनीही आमची पाचर मारली. गुण्या काटकोनापेक्षा किंचित मिटला होता. असा मिटलेला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंचानं ठोका द्यायचा. लोखंड तिथे पसरतं आणि भुजा उघडतात. फार उघडलेला असेल तर ठोका बाहेरच्या कोपऱ्याजवळ. एक ठोका, दोन रेघा. पुन्हा ठोका, पुन्हा रेघा. मला प्रत्येक ठोक्याला धस्स होत होतं, पूजेतली वस्तू ती. सहाव्या वेळी रेघेवर रेघ पडली.

मग फेन्स नव्यानं लावली, पातं टेबलाशीही काटकोनात आहे का तेही पाहिलं. शेवटी गुण्याशिवायची परीक्षा: चार इंच रुंद, दोन्ही काठ समांतर असलेली पट्टी सरळ कापली, एक तुकडा पालथा केला, आणि फेन्सला टेकवून दोन्ही काप भिडवले. उजेड आरपार आला नाही. पंचेचाळीसच्या खाचेवरही नुसता विश्वास ठेवला नाही, नमुन्याची आणखी एक चौकट कापून पाहिली. समोरासमोरच्या पट्ट्या केसाइतक्याही कमीजास्त चालत नाहीत, म्हणून टेबलावर एक ठोकळा क्लॅम्पनं आवळला आणि त्याला टेकवूनच कापल्या.

त्यानंतर सागवान. आठ काप, एकही दुसऱ्यांदा नाही. गोंद लावून काकांनी खिशातून सुतळी काढली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणली, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी दोरीनंच आखायच्या रीती आहेत, बौधायनानं कर्णाचा नियम तिथेच सांगितलाय, असं मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, "धर घट्ट, सरकते आहे."

फ्रेम आता भंडाऱ्याच्या घरी बैठकीत लावलीय. काकांनी बजावलंय की लाकूड रुंदीत कमीजास्त होतंच. आपल्या मे महिन्यात कोपरे आतून किंचित उघडतील, पावसाळ्यात बाहेरून. सध्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसचं तिकीट जाईल एवढी फट आहे. लग्नाला याल तेव्हा बघा, पण आईसमोर बोलू नका.