हंडा, लाटणं आणि विधानसभा : मृणालताई गोरे



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा होतात, कर्जाचा हिशेब होतो. उठता उठता बोलणं निघतंच : नळाला पाणी कधी येणार, तेल किती महागलं. घरच्या गोष्टी म्हणून आपण त्या तिथंच सोडतो. आज आम्ही ज्यांच्याबद्दल सांगणार आहोत, त्या मृणालताई गोरे यांनी याच गोष्टी विधानसभेपर्यंत नेल्या.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. गोरेगाव तेव्हा मुंबईबाहेरचं गाव होतं, तिथं ग्रामपंचायत होती. ताईंची सुरुवात याच ग्रामपंचायतीतून झाली. १९५८ मध्ये पती केशव गोरे वारले. पदरात लहान मुलगी होती, पण त्यांनी काम थांबवलं नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. वस्त्यांच्या पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. ते दुष्काळाचं साल. धान्य, तेल, रॉकेल मिळेना. ताई, अहिल्याताई रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बाया एकत्र आल्या. महागाईविरुद्ध थाळ्या-लाटणी वाजवत हजारो बाया रस्त्यावर उतरल्या. पक्ष वेगळे असले तरी चूल सगळ्यांचीच होती.

आणीबाणीत ताईंना तुरुंगवास झाला. १९७७ मध्ये त्या खासदार झाल्या आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या. पोटातली मुलगी ओळखून पाडण्याचा प्रकार तेव्हा वाढत होता. तो रोखण्यासाठी ताईंनी स्वतः विधेयक मांडलं. बाहेर महिला संघटनांनी जोर लावला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग चाचणीवर बंधन घालणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. साऱ्या देशासाठी कायदा १९९४ मध्ये आला.

ताई २०१२ मध्ये गेल्या. आज आपल्या पंचायतींत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. रिसोड तालुक्यातल्या आपल्या गावांत ती सभा खरोखर भरते, की नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात? पुढच्या वेळी नळाचा विषय निघाला, की तो महिला सभेत मांडा. इतिवृत्तात लिहून घ्या आणि वाचून मगच सही करा.