सागरी जलातील कोकेनचे अंश

सेवन केलेल्या कोकेनचा काही भाग जसाच्या तसा, तर बराचसा बेन्झॉइलएकगोनिन या रूपात मूत्रावाटे शरीराबाहेर पडतो आणि सांडपाण्यासह समुद्रास मिळतो. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या किनाऱ्यालगत पकडलेल्या १३ लहान शार्क माशांची तेथील फिओक्रूझ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व माशांत कोकेन आढळले. यकृताच्या तुलनेत स्नायूंत ते सुमारे तिप्पट होते. समुद्रात फेकलेली पाकिटे हे वृत्तपत्रांचे आवडते कारण. शास्त्रज्ञांना मात्र सांडपाणी व बेकायदा प्रयोगशाळा यांचाच संशय अधिक आहे. हे मासे तेथील लोकांच्या आहारात असल्याने हा प्रश्न केवळ जलचरांपुरता उरत नाही.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाने काय बिघडते? इटलीतील नेपल्स विद्यापीठाच्या २०१८ मधील प्रयोगात लिटरमागे अवघे २० नॅनोग्रॅम कोकेन असलेल्या पाण्यात ५० दिवस ठेवलेल्या युरोपीय वाम माशांच्या स्नायूंना इजा झाली. त्यानंतर १० दिवस स्वच्छ पाण्यात राहूनही ती भरून आली नाही. प्रजननासाठी हा मासा हजारो किलोमीटर पोहत अटलांटिकमधील सारगासो समुद्र गाठतो, तो याच स्नायूंच्या बळावर.