केडगावच्या छापखान्यातून यरुशलेमला

साल 1921. तुम्ही वऱ्हाडातल्या मेडशीत आहात. बैलगाडीनं पातूरचा घाट उतरता, अकोल्याला आगगाडी धरता. भुसावळ, मनमाड, दौंड आणि मग केडगाव.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात शाईचा उग्र वास आहे. खिळे जुळवतायत त्या बायका. कित्येकींना रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलंय. एकजण ओलं प्रूफ तुमच्या हातात देते: बायबलमधलं लेवीय, अध्याय 16, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी.

रमाबाई आता 63 वर्षांच्या. ऐकू फार कमी येतं, जुलैत मुलगी मनोरमा गेली, आणि तरी त्या बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणतायत, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. लहानपणी आईवडिलांबरोबर त्यांनी देशभरची तीर्थं पायी पालथी घातली. 1874च्या सुमारास आई, वडील, बहीण तिघंही दुष्काळात गेले. माणूस आतून कशानं धुतला जातो, हा प्रश्न या बाईनं पुस्तकात डोकं घालून विचारलेला नाही. म्हणून या अध्यायावरचा तिचा हात मला मोलाचा वाटतो.

पान वाचता वाचता तुम्ही यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभे राहता. प्रायश्चित्ताच्या दिवसाची पहाट. मुख्य याजकाला रात्रभर झोपू दिलेलं नाही. डोळा लागला की तरुण याजक त्याच्यासमोर चुटक्या वाजवत होते. दिवसभरात तो पाच वेळा पाण्यात बुडी मारेल, दहा वेळा हातपाय धुवेल. सोन्याची वस्त्रं उतरवून तो साधं पांढरं तागाचं नेसतो. आधी गोऱ्हा, तोही स्वतःच्या पापासाठी. लोकांसाठी उभा राहणाराच आधी आपलं पाप कबूल करतो. मला या विधीतला सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच वाटतो.

मग दोन बकरे. चिठ्ठ्या पडतात. एक देवासाठी, दुसऱ्याच्या शिंगांना लाल लोकर. आषाढात मरीमायला बोकड देणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला हे दृश्य परकं वाटणार नाही. याजक धुपाचा धूर घेऊन पडद्याआड जातो. आत काही नाही; कराराचा कोश केव्हाच नाहीसा झालाय, उघडा खडक तेवढा आहे. बाहेर तुमच्यासकट सगळे श्वास रोखून. तो आतच मेला की काय, असं लोकांना वाटू नये म्हणून त्याची प्रार्थना आखूड असते. रक्त शिंपडतो: एकदा वर, सात वेळा खाली. बाहेर येऊन जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, सगळ्यांची पापं बोलून दाखवतो, आणि बकरा रानाकडे नेला जातो.

लोक आनंदानं घरी जातात. पण पुढच्या वर्षी पुन्हा हेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्य मंदिर जाळेल, तेव्हाच हे बकरे थांबतील.

केडगावात परत येता तेव्हा दुसरं प्रूफ तयार असतं: इब्री लोकांस पत्र. त्यात याच अंगणाचा हिशेब मांडलाय. याजक रोज उभा राहून तेच यज्ञ पुन्हा पुन्हा करतो, कारण काम संपत नाही. ख्रिस्तानं मात्र स्वतःलाच अर्पण केलं, एकदाच, आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. जनावराच्या रक्तानं शरीराची शुद्धी झाली. इथे विवेक धुतला गेला. याजक तोच, बळीही तोच. त्याला आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा लागला नाही.

ख्रिस्ती माणसाचं सगळं ओझं या बसण्यावर टेकलेलं आहे. प्रायश्चित्त पुरं झालंय, म्हणून या आवारात कुणी पुण्य जमवायला राबत नाही. विणकाम, तेलघाणा, छपाई आणि टाकून दिलेल्या मुलींचं संगोपन, हे सगळं आधीच क्षमा मिळालेल्या हातांनी चाललंय. रमाबाई शेवटची प्रुफं तपासून 5 एप्रिल 1922 रोजी जातील, आणि पूर्ण बायबल 1924 साली याच छापखान्यातून बाहेर पडेल.