चहा, थंड

चहा, थंड : सुट्या चहापत्तीचा कोरा अर्क निववून किंवा बर्फावर ओतून प्यावयाचे पेय. साखर व लिंबू ऐच्छिक. दूध घालीत नाहीत.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९०४ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचे प्रचारक रिचर्ड ब्लेचिंडन यांनी, उन्हाळ्यात गरम चहाला गिऱ्हाईक मिळेना म्हणून, तो बर्फावर ओतून दिला व हे पेय जन्मास आले, असे सर्रास सांगतात. ही कथा प्रसिद्धीपुरतीच खरी मानावी. मॅरियन कॅबेल टायरी यांच्या व्हर्जिनियातील पाककृतींच्या संग्रहात (१८७९) सकाळी भिजविलेला हिरवा चहा सायंकाळी बर्फावर ओतण्याची कृती आहेच.

ज्या देशाच्या चहाने ही कीर्ती मिळविली, तेथे मात्र पेयाने वेगळे वळण घेतले. १९०३ च्या कायद्याने बसविलेल्या उपकरातून चहाचा प्रचार होऊ लागला. पत्तीवर ताजे उकळते पाणी ओतून ती काही मिनिटे मुरू द्यावी, असे रेल्वेस्थानकांवरील फलक शिकवीत. विक्रेत्यांनी ते मानले नाही. त्यांनी पत्ती दूध-साखरेबरोबर उकळली. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या सीटीसी यंत्राचा दाणेदार, कडक व स्वस्त चहा या उकळण्यास फार सोयीचा ठरला आणि अखंड पानाचा चहा सामान्य घरातून दूरच राहिला. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत चहाच्या सवयीचा निषेध केला. तरी गाळणीतील पत्तीवर उकळते पाणी ओतून काढलेला गवती रंगाचा फिका अर्क त्यांनी निर्दोष मानला. थंड चहाला असाच उकळी न दिलेला अर्क लागतो.

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे नागपूर–रायपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. परिसर धानाचा व तलावांचा. मे महिन्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. तरीही टपरीवर दुधाचा उकळता चहाच चालतो. उन्हाळ्याची तहान ताक व कैरीचे पन्हे भागवितात. थंड चहा करावयाचा तो हौसेने, घरीच.

चव पारखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात (१९८०) १०० मिलि. पाण्यास २ ग्रॅ. पत्ती व ६ मिनिटे मुरवण असे प्रमाण आहे. बर्फ वितळून अर्क पातळ होतो, म्हणून पत्ती जवळजवळ दुप्पट घ्यावी. वेळ वाढवू नये, कारण त्याने तुरटपणाच वाढतो. काळा चहा निवताना गढूळ होतो. कॅफीन व चहातील रंजक पॉलिफिनॉले परस्परांशी बद्ध होऊन साका धरतात, त्यामुळे हे घडते. तो नासल्याचे लक्षण नव्हे. विहिरीच्या दुष्फेन (जड) पाण्यात गढूळपणा अधिक दिसतो, लिंबू पिळल्यास रंग उजळतो. साखर अर्क गरम असतानाच विरघळवावी. थंडपणात गोडी व सुगंध दबतात, म्हणून प्रथम बर्फाविना एक घोट घेऊन पाहावा.

दुसरी रीत थंड पाण्यात पत्ती शीतकपाटात रात्रभर भिजविण्याची. तीत कॅफीन व तुरट द्रव्ये कमी उतरतात आणि अर्क सौम्य होतो. मात्र येथे उकळत्या पाण्याचे संरक्षण नसते. पाणी आधी उकळून निववलेले असावे, भांडे उन्हात वा ओट्यावर ठेवू नये व चहा दिवसभरात संपवावा.